वहीत ताई हजर होत्या

—नाही हो, कुणाचीच नाही ती खुर्ची, बसा की. पिशवी उचलते माझी, थांबा... हां. नको, मांडीवरच बरी, खाली नको, आत वह्या आहेत. पुढं कशाला जाताय? पुढच्या दोन रांगा राखीव असतात, बड्या फंडांच्या माणसांसाठी, आणि ती माणसं येतच नाहीत—त्यांची मतं यंत्रावर देऊन झालेली असतात, घरबसल्या. खुर्च्यांवर नुसत्या कागदी पाट्या. आपण इथं मध्येच बऱ्या. माईकही इथून जवळ आहे. म्हणजे मला काही बोलायचंय असं नाही, आपलं सांगितलं. पहिल्यांदाच आलात वाटतं? कळतं हो! तो जाडजूड अहवाल उघडून वाचायला बसलात ना, त्यावरून कळलं. जुनी माणसं तो उघडत नाहीत, वारा घेतात त्यानं. काय करता आपण? शिक्षिका! निवृत्त? बरं, बरं. आणि शेअर किती? दहा? अहो, लाजताय काय, दहा तर दहा. दहा असले तरी मालकीणच तुम्ही. वर स्टेजवर पाट्या लावून बसलेत ना ते नऊ जण, ते तुमचे नोकर. हसू नका, कायद्यानं तसंच आहे. मालक खाली, नोकर वर—फक्त नोकरांना पाणी बाटलीतलं आणि मालकांना कोपऱ्यातल्या पिंपातलं.

माझे शंभर आहेत. विकत नाही घेतले, मिळाले. एकतीस वर्षं याच कंपनीच्या ऑफिसात काढली मी. नळाच्या तोट्या करणारी कंपनी—हे तरी ठाऊक आहे ना? नाही, विचारलेलं बरं, मागच्या वर्षी शेजारी एक गृहस्थ बसले होते, पाच हजार शेअर होते त्यांच्याकडे, आणि त्यांना वाटत होतं आपण औषधं बनवतो. असले मालक! वहीबाई म्हणायचे मला सगळे, खालच्या कारखान्यातल्या फिटरपासून वरच्या साहेबांपर्यंत. खरं नाव पगाराच्या पाकिटावर तेवढं असायचं. का म्हणजे—सभेची वही माझ्याकडे. इतिवृत्त हो. कुणी काय ठरवलं, कोण हजर होतं, कोण नव्हतं, ते लिहायचं. अक्षर चांगलं म्हणून मला ते काम मिळालं. ताईंनी दिलं. ताई म्हणजे—सांगते, ओळीनं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई कुठून कुठं जाते.

तेव्हा ही कंपनी घरची होती. प्रायव्हेट. मोठ्या मालकांनी काढलेली, आणि ते गेल्यावर तीन मुलांची झाली—थोरले, धाकटे आणि त्यांची बहीण ताई. शंभरातले चाळीस थोरल्यांकडे, तीस धाकट्यांकडे, तीस ताईंकडे. संपले मालक. तीन! मोजायला एका हाताची बोटंसुद्धा जास्त. आणि तेच चालवणारे. थोरले बाहेरचं बघायचे, धाकटे यंत्रं, ताई माणसं—कुणाला घ्यायचं, कुणाला कुठं बसवायचं. वर कुणी विचारणारं नाही आणि खाली कुणाला सांगायचं नाही. आता हे बघा, तुमच्या अहवालात पान चौदा की पंधरा—चौकटी काढल्यात, बघा. वर आपण भागधारक, मग संचालक मंडळ, मग समित्या तीन, मग कार्यकारी संचालक, मग खाली पिंपळाच्या मुळ्यांसारख्या रेघाच रेघा. त्यातले हे चार ‘स्वतंत्र’ संचालक. म्हणजे कंपनीशी यांचा काडीचा संबंध नाही, हीच त्यांची लायकी. खरंच, तसा नियम आहे! संबंध नसलेल्या माणसानं लक्ष ठेवायचं. मला आधी फार हसू यायचं. आता येत नाही. का येत नाही ते—असू दे.

श्श, सुरू झालं. बोलू हळू, कुणी काही म्हणत नाही. पहिला अर्धा तास नुसती स्वागतं असतात.

तर त्या वेळी सभा कशी व्हायची, ऐका. कारखान्याच्या वर एक खोली, खोलीत एक टेबल, त्याचा एक पाय आखूड, त्याखाली पितळेचा वायसर सरकवलेला—आमच्याच तोटीतला. महिन्यातून एका शनिवारी तिघं तिथं बसायचे. आणि सभेची वही मी कधी लिहायचे? गुरुवारी! आश्चर्य वाटलं ना? सभा शनिवारी आणि वही गुरुवारी. अहो, तिघं एका घरातले, काय ठरायचं ते आधीच फोनवर ठरलेलं असायचं. मग थोरले मला सांगायचे, हे आणि हे ठराव, लिहून टाका. मी लिहायचे—‘तिन्ही भागधारक हजर होते, चर्चा होऊन एकमतानं ठरलं.’ शनिवारी ते यायचे, चहा व्हायचा, धाकटे यंत्रांच्या तक्रारी सांगायचे, ताई थोरल्यांना कुठल्या ना कुठल्या कामगाराच्या वतीनं झापायच्या, मग थोरले वहीवर सही करायचे, झाली सभा. चर्चा आधी लिहिलेली, बोलणं नंतर. बावीस वर्षं असंच. एक वाक्य खोटं नव्हतं हो त्यात, नुसतं आधी लिहिलेलं असायचं एवढंच. तुम्ही अशा बघू नका. तुम्ही शाळेत हजेरी घ्यायचात, नाव पुकारलं की मूल ‘हजर’ म्हणायचं, हो ना? माझ्याकडे तेवढा फरक—मीच पुकारायचे, मीच ‘हजर’ म्हणायचे.

मोठ्या मालकांनी मात्र एक नियम घालून ठेवला होता, कंपनीच्या नियमावलीतच, पक्का. हिस्सा बाहेरच्या माणसाला द्यायचा तर तिघांनी एका टेबलाशी बसून ‘हो’ म्हणायला हवं. तिघांनी. एकाचीही ‘नाही’ असेल तर नाही. शहाणा माणूस होता. त्यांना ठाऊक होतं, पोरं मोठी झाली की पहिलं काय होतं—टेबलाशी बसणं बंद होतं.

काय म्हणालात? हो, मग प्रायव्हेटची पब्लिक कशी झाली, तेच. थोरल्यांना मोठं व्हायचं होतं. वाईट नव्हतं त्यात काही, मी त्यांना दोष देत नाही, मेलेल्या माणसाला दोष देऊ नये. नवा कारखाना हवा होता, त्याला भांडवल हवं, ते बाहेरून आणायचं तर दार उघडायला हवं. धाकटे म्हणाले, तू म्हणशील तसं. ते आयुष्यभर तसंच म्हणाले, आणि गेलेही तसेच, कुणाला न सांगता झोपेत. राहिल्या ताई. ताई म्हणायच्या, दार उघडलं की आपण आपल्याच घरात पाहुणे होऊ. हे त्या वरच्या खोलीत म्हणाल्या होत्या, मी ऐकलंय माझ्या कानांनी. मी वहीत नाही लिहिलं ते. चर्चा कुठं लिहायचे मी.

थांबा हां, हात वर करायचाय. नाही, करा, पहिला ठराव नेहमीचाच असतो. तसा तुमच्या हाताला काही अर्थ नाही, मोजत नाहीत, निकाल यंत्रात आधीच पडलाय. इथं माणशी मत नसतं, शेअरमागं मत. तुमचे दहा, माझे शंभर, आणि त्या रिकाम्या खुर्चीचे काही लाख. पण करा. बरं वाटतं.

आणि तो मधला, निळ्या कोटातला, चष्मा पुसतोय तो—तो थोरल्यांचा मुलगा. कार्यकारी संचालक. मी त्याला टेबलाखाली रांगताना बघितलंय, तो वायसर काढून तोंडात घालायचा आणि टेबल डुगडुगायचं. चांगला आहे पोरगा. खरंच चांगला आहे. त्याचा काही दोष नाही, हे लक्षात ठेवा, पुढं काही झालं तर. त्यानं फक्त वही वाचली.

मी काय सांगत होते? तो शनिवार. नऊ वर्षं झाली. गुरुवारी थोरल्यांनी मला बोलावलं, म्हणाले, वहीबाई, असा असा ठराव, कंपनी पब्लिक करायची, जुना नियम काढून टाकायचा, लिहा. मी म्हटलं, ताई? तर म्हणाले, मी बोलतो ताईशी, तिची हो आहे. आता ‘बोलतो’ आणि ‘हो आहे’, एकाच वाक्यात दोन्ही. बोलायचंय अजून की बोलून झालंय? तुम्ही असता तर लाल शाईनं गोल केला असता त्या वाक्याला. मी नाही केला. नोटीस पाठवायची असते हो सभेची, रीतसर, पोस्टानं. आमच्याकडे बावीस वर्षांत पाठवली नव्हती, घरच्या माणसाला कोण नोटीस पाठवतं? मी आपली नेहमीप्रमाणे बसले आणि लिहिलं, ‘तिन्ही भागधारक हजर होते, चर्चा होऊन एकमतानं ठरलं.’ हात चालत गेला. शपथेवर सांगते, वाईट मनात नव्हतं. सवय हो, सवय!

आणि शनिवारी मी नेहमीसारखी चिठ्ठी लिहिली. चहाची. खाली कँटीनच्या खिडकीत द्यावी लागायची ना, किती कप ते. कार्बनचं पॅड होतं माझ्याकडे, वरचं पान फाडून खाली द्यायचं, खालचं आपल्याकडे राहायचं. बाकी नेहमी एकच चिठ्ठी—‘कप तीन, एक बिनसाखरेचा.’ बिनसाखरेचा ताईंचा. त्या दिवशी मी लिहिलं—

काही नाही. कप किती ते लिहिलं. चहाच तो, त्याचं काय एवढं.

तुम्हाला बिस्किटाचं पाकीट मिळालं का दारात? मिळतं, घ्या जाताना. पूर्वी तोटी द्यायचे भेट म्हणून, मग लोक दोनदोनदा रांगेत यायला लागले, बंद केलं.

...दोन. दोन कप लिहिले मी. तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या डोळ्यांत आहे ते, मास्तरीणबाई. मला माहीत होतं. गुरुवारी नसेल माहीत, शनिवारी सकाळी होतं. वर येऊन मी खुर्च्या बघितल्या, दोन माणसं, एक खुर्ची रिकामी, आणि हातानं आपोआप ‘कप दोन’ लिहिलं. चहाला खोटं लिहिता येत नाही ना, एक कप उगाच गार होतो. आणि त्याच हातानं मी वही थोरल्यांपुढं सहीला ठेवली. बोट ठेवून दाखवलं, इथं. ताई त्या वेळी दुसऱ्या गावी होत्या, नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन, खोलीबाहेर बाकड्यावर बसलेल्या. हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हटलं, थोरले बोलले असतील फोनवर. बोलले की नाही ते आता त्यांनाच ठाऊक, आणि ते गेले दोन वर्षांपूर्वी. धाकटे त्याआधीच. त्या खोलीत एरवी जमणाऱ्यांतली दोनच माणसं जिवंत आहेत आता, ताई आणि मी. मी तर टेबलाशी बसतही नव्हते, दाराजवळ स्टुलावर.

मग काय, दार उघडलं. नवे शेअर, नवे मालक, हजारोंनी. ताईंचे तीस टक्के विरघळत विरघळत दोनवर आले. एक पत्र गेलं त्यांना, आपण आता संचालक नाही, आजवरच्या सेवेबद्दल आभार. ताई फार बोलल्या नाहीत तेव्हा. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याचंच करण्यात सात वर्षं गेली. तो गेला, मग त्यांनी जुने कागद काढले. आणि पत्र लिहिलं कंपनीला. पैसा नको, खुर्ची नको, त्या सभेत मी नव्हते एवढं वहीत दुरुस्त करा. एवढंच. तीन पत्रं लिहिली. उत्तर गेलं, आपल्या वयाचा मान ठेवून कळवतो की वहीत आपण हजर आहात. वयाचा मान! म्हणजे काय, कळलं ना? म्हातारीला आठवत नाही, असं. आता सगळे तेच म्हणतात. भाचे-पुतणे म्हणतात, सुना म्हणतात. आणि सगळ्यांत वाईट काय सांगू—त्या स्वतः म्हणायला लागल्यात. डॉक्टरकडे जाऊन आल्या हो, डोकं तपासून घेतलं. त्यानं सांगितलेले पाच शब्द लक्षात ठेवून परत म्हणून दाखवले. माझ्या एका ओळीपायी.

मला कसं ठाऊक? आल्या होत्या माझ्याकडे. गेल्या महिन्यात. तीन जिने चढून, काठी टेकत. बसल्या, श्वास घेतला, आणि म्हणाल्या, वहीबाई, तू सांग, मी त्या दिवशी तिथं होते का? मला दवाखान्याची हिरवी भिंत आठवते, बाकड्याची मोडकी पट्टी आठवते, पण लोक म्हणतात तो दुसरा कुठला तरी दिवस असेल. तू सांग.

मी म्हटलं, वहीत तसं आहे, ताई.

असं बघू नका माझ्याकडे! काय सांगायला हवं होतं मी? ते माझे शंभर शेअर कुठून आले वाटतं तुम्हाला? पब्लिक झाल्यावर थोरल्यांनी हातावर ठेवले, म्हणाले, तुमच्या निष्ठेबद्दल. ते शंभर नव्हे, आधी बरेच जास्त होते, त्यातले विकून मी राहती खोली घेतली. ज्या खोलीत त्या बसल्या होत्या ना, तीच. त्या भिंतींत बसून मी काय बोलणार? आणि बोलले तर सगळे पहिलं काय विचारतील—खोटं लिहिलं कुणी? अक्षर कुणाचं? थोरले वर, धाकटे वर, सापडायला मीच. म्हातारपणी कोर्टाची पायरी कोण चढेल? ताई मात्र भांडल्या नाहीत. म्हणाल्या, मग मीच विसरले असेन गं, तू कशाला खोटं लिहिशील. आणि मी चहा केला. दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि हसल्या. म्हणाल्या, बिनसाखरेचा... अजून लक्षात आहे तुझ्या.

तेव्हापासून झोप नाही मला. खरंच सांगते.

घरची कंपनी बरी की ही बाजारातली बरी, विचारत होतात ना मघाशी? मी पण सगळ्यांना सांगत फिरते, पूर्वी किती छान होतं, तीन माणसं, एक टेबल, मालक कोण ते चेहऱ्यानं ठाऊक. पण खोटं घरातच झालं हो. घरचं म्हणून नोटीस नाही, घरचं म्हणून आधी लिहिलं, घरचं म्हणून विचारलं नाही. इथं काय, इथं सगळे परके, कुणाला तोटी कुठल्या बाजूला फिरते ते ठाऊक नाही, पण दहा शेअरच्या बाईलासुद्धा एकवीस दिवस आधी नोटीस येते आणि माईकवर दोन मिनिटं मिळतात. ताईंना आपल्या टेबलावर दोन मिनिटं मिळाली नाहीत. इथं मिळणार आहेत. आज.

त्या काय, तिसऱ्या रांगेत कडेला, काठी आहे ती. पांढरे केस. एकट्याच आल्यात. मला बघितलं नाही त्यांनी, मी खांबाआडून... हो, त्याच. पिशवीत काय आहे ते कळलं असेल आता तुम्हाला. वह्या नाहीत, पॅड आहे. कार्बनचं. का आणलं ते मला विचारू नका, सकाळी दोनदा घेतलं, दोनदा ठेवलं. कुलूप लावून खाली उतरले आणि परत वर गेले. दाखवायला आणलंय असं नाही. घरी राहू द्यायची भीती वाटली, एवढंच.

प्रश्नोत्तरं सुरू झाली बघा. हा माणूस दरवर्षी बिस्किटांबद्दल बोलतो. हा आणि एक. आता—उठल्या. कुणी हात तरी द्या हो त्यांना... दिला. माईक उंच आहे, खाली करा म्हणावं. ऐका, ऐका, बोलू नका.

...बरोबर बोलल्या की. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. आता तो वही उघडतोय. आणलीये इथं, माझी ती वही, लाल पाठीची. वाचतोय. ‘तिन्ही भागधारक हजर होते.’ किती स्पष्ट वाचतो. अक्षर किती चांगलं आहे ना, अडखळायला जागाच नाही. आत्या, म्हणतोय, आत्या, आपण घरी बोलू. मायेनं म्हणतोय तो. मागचे हसले—का हसले? हसण्यासारखं काय आहे?

काय म्हणाल्या? मला नीट ऐकू... ‘कदाचित मीच.’ कदाचित मीच विसरले असेन, म्हणाल्या. सगळ्यांसमोर. माफ करा म्हणाल्या, माईकमध्ये.

धरा ही पिशवी. नाही, पॅड द्या तेवढं, पिशवी राहू द्या तुमच्याकडे. चष्मा—डोळ्यावरच आहे. हे पान, हे बघा, तारीख आहे, कप दोन. अहो, मला काही सांगू नका आता, वय बघा न् काय न् काय, आयुष्यभर ऐकलं. पाय घ्या बाजूला. त्या बसतायत खाली, त्यांना बसू देऊ नका कुणी—ताई!—सरका ना हो, सरका.